अकरा पॉइंट आणि एक काळा किनारा

बेलफास्टला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. जूनमधला शनिवार, चार जण, भाड्याची एक छोटी गाडी आणि एक एक्सेल शीट.

शीट बनवणाऱ्याला आपण पंत म्हणू. मूळचा अंधेरीचा. पंतांनी उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरचे अकरा पॉइंट एका दिवसात बसवले होते. प्रत्येक पॉइंटपुढे पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि शेवटच्या कॉलममध्ये 'फोटो: हो/नाही'. गाडी चालवायला आमचा नागपूरकर, त्याच्या शेजारी नकाशा घेऊन रत्नागिरीची एक सहकारी, आणि मागे पंत व मी. बेलफास्टहून पूर्व किनाऱ्याने वर जायचं, उत्तर किनाऱ्यावर पश्चिमेकडे वळायचं आणि पोर्टरश गावात जेवून परत यायचं, असा बेत. पोर्टरशपुढे पंतांनी लिहिलं होतं: 'जेवण, ३० मि., फोटो: नाही'.

या किनाऱ्याचं मोठं कोडं त्या 'फोटो: नाही'वाल्या जागेभोवतीच फिरलंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. परत आल्यावर वाचत गेलो आणि कळलं. आज तेच सांगायचंय.

काळ्याखाली पांढरं

लार्न गाव सोडलं की रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. उजवीकडे पाणी, डावीकडे कडा. हा रस्ता विल्यम बाल्ड नावाच्या इंजिनिअरने १८३२ ते १८४२ या काळात बांधून घेतला. त्याआधी इथल्या दऱ्यांमधल्या लोकांना आपल्याच देशात आत जाण्यापेक्षा होडीत बसून स्कॉटलंडला जाणं सोपं पडायचं. यात अतिशयोक्ती नाही. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचा स्कॉटलंड नुसत्या डोळ्यांनी दिसतो, सगळ्यात जवळच्या ठिकाणी अंतर जेमतेम वीस किलोमीटर. बाल्डने डोंगराच्या अंगावरून रस्ता काढण्याऐवजी कडाच सुरुंग लावून खाली पाडला आणि त्या दगडांच्या पायावर रस्ता नेला. साधा विचार, पण जमला.

या कड्यांकडे नीट पाहिलं तर दोन रंग दिसतात. खाली पांढरीशुभ्र चुनखडी, वर काळा कातळ. चुनखडी म्हणजे जुन्या समुद्राचा तळ. वरचा काळा दगड म्हणजे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा ग्रीनलँड आणि युरोप एकमेकांपासून फाटत होते, अटलांटिक महासागराचा उत्तरेकडचा भाग उघडत होता आणि त्या फाटीतून थरावर थर लाव्हा बाहेर येत होता.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही असाच थराथरांनी साचलेला लाव्हा आहे, वयाने थोडा मोठा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. दोघांचं मूळ वेगळं, पण जात एक: बसाल्ट. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हा शब्दही पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, कारण थर झिजले की डोंगराला पायऱ्या पडतात. ट्रेकिंग केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पहिला मोठा थांबा कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल. किनारा आणि एक छोटं बेट यांच्यामधला, सुमारे २० मीटर लांब आणि पाण्यापासून ३० मीटर उंच. आज तो पर्यटकांचा, पण मुळात सामन मासा पकडणाऱ्या कोळ्यांनी बांधलेला. सामन मासे किनाऱ्याने जातात, बेट मध्ये आडवं येतं, म्हणून जाळं तिथूनच टाकायचं. नावाचा आयरिश अर्थच मुळी 'जाळं टाकण्याचा खडक' असा आहे. मासे कमी होत गेले आणि २००२ नंतर इथली मासेमारी थांबली. पूल राहिला. आणि तो ज्या बेटावर जातो ते बेट म्हणजे एका ज्वालामुखीची नळी. ही गोष्ट पूल ओलांडणाऱ्यांपैकी कितींच्या लक्षात येते कोण जाणे. आमच्या तर नाही आली. पंतांनी 'फोटो: हो' वर टिक केली आणि आम्ही निघालो.

राक्षसाचा रस्ता

मग जायंट्स कॉजवे. सगळे इथेच येतात, आणि यावंच. समुद्रात शिरणारे सुमारे ४० हजार दगडी खांब, एकमेकांना चिकटून, बहुतेक सहा कोनांचे. काही पाच, सात, आठ कोनांचेही आहेत. कुणीतरी मोजूनमापून फरशी बसवावी तसे. काही ठिकाणी बारा मीटरपर्यंत उंच. पावसाची भुरभुर, खाली चकचकीत काळे दगड आणि त्यांच्यावर फुटणारा अटलांटिक. नागपूरकर पाच मिनिटं काहीच बोलला नाही, म्हणजे बघा.

लोककथा अशी. फिन मॅक्कूल नावाचा आयरिश राक्षस स्कॉटलंडच्या बेनँडॉनरशी लढायला म्हणून समुद्रातून हा रस्ता बांधतो. पण तो पलीकडचा भलताच थोराड निघतो. फिनची बायको हुशार. ती नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवते. बेनँडॉनर येतो, 'बाळ' पाहतो आणि बाळ एवढं तर बाप केवढा, या विचाराने जो पळत सुटतो तो जाता जाता रस्ता उखडून टाकतो. गंमत म्हणजे स्कॉटलंडच्या बाजूला स्टॅफा बेटावर अगदी असेच खांब आहेत आणि तिथल्या गुहेला फिनचंच नाव आहे, फिंगल्स केव्ह. म्हणजे गोष्ट राक्षसाची असली तरी दोन्ही टोकांचा दगड एकच आहे हे तिने बरोबर पकडलंय. जोसेफ बँक्सने स्टॅफाबद्दल जगाला सांगितलं ते १७७२ साली.

विद्वान मंडळी या किनाऱ्याकडे वळली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस. १६९३ साली सर रिचर्ड बल्कलीने लंडनच्या रॉयल सोसायटीला कॉजवेबद्दल कळवलं. प्रश्न सरळ होता: हे कुणी केलं? माणसांनी छिन्नी-हातोड्याने, निसर्गाने, की खरोखरच राक्षसाने? निसर्गाने म्हणावं तर निसर्ग इतक्या सरळ रेषा कुठे काढतो? वाद रंगला, पण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती जागा पाहिलेलीच नव्हती. ऐकीव वर्णनं आणि त्यावरून काढलेली कशीही चित्रं, एवढाच माल. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट आला होता, पण स्क्रीनशॉट नव्हता.

तो स्क्रीनशॉट दिला डब्लिनच्या सुझॅना ड्रूरी या चित्रकर्तीने. १७३९च्या सुमारास तिने कॉजवेची चित्रं काढली. खांबांचे जोड, त्यांची तुटलेली टोकं, कडेचा कडा, सगळं जसं दिसलं तसं. राक्षस नाही, नाटक नाही. १७४० साली तिला डब्लिन सोसायटीचं २५ पौंडांचं बक्षीस मिळालं. पुढे त्या चित्रांवरून छापील प्रती निघाल्या आणि युरोपभर पोहोचल्या. तिच्या आयुष्याबद्दल फारशी माहिती उरलेली नाही. काम मात्र उरलं.

आता फ्रान्स. १७६३ साली निकोला देमारे नावाचा एक सरकारी अधिकारी मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतात हिंडत होता. तिथेही त्याला असे कोनदार खांब दिसले. त्याने काय केलं, तर त्या दगडाचा माग काढत वर चालत गेला. खांबांचा दगड एका लाव्हाच्या ओघळात मिसळत होता आणि तो ओघळ एका विझलेल्या ज्वालामुखीकडे जात होता. झालं! दिदरोच्या प्रसिद्ध विश्वकोशात १७६८ साली आयर्लंडच्या कॉजवेचं चित्र छापलं गेलं, ड्रूरीच्या चित्रावरून आलेलं, आणि त्यासोबतच्या मजकुरात देमारेने सांगून टाकलं की हे ज्वालामुखीचं काम आहे.

म्हणजे आयर्लंडच्या कोड्याचं उत्तर कॉजवेवर उभं राहून सुटलं नाही. एका बाईने नीट पाहून काढलेलं चित्र आणि एका माणसाने दुसऱ्याच देशात केलेली पायपीट, यांतून ते सुटलं.

तिथे उभ्या उभ्या मी एवढंच म्हणालो, "असे खांब मुंबईतपण आहेत रे. अंधेरीला, गिल्बर्ट हिल."

पंत मोबाईल खाली घेऊन माझ्याकडे बघायला लागला. "गावदेवीच्या देवळाची टेकडी? आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे ती. ती ज्वालामुखीची?"

"तीच. साठेक मीटर उंच. उभे खांब दिसतात बघ बाजूने."

पंत जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "मी कधी वर गेलोच नाही."

रत्नागिरीकर बाईंना जे दिसलं

कॉजवेच्या पुढे कड्याच्या पोटातून एक पायवाट जाते. बहुतेक पर्यटक खांबांवर फोटो काढून मागे फिरतात. आमच्या शीटमध्येही ती नव्हतीच. पण रत्नागिरीकर बाई पुढे निघाल्या आणि आम्हालाही जावं लागलं. वळणावर कड्यात एक जाड लालभडक पट्टा दिसतो. वर काळा, खाली काळा, मध्ये लाल. आणि त्या लाल मातीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोल दगड. त्यांना इथे राक्षसाचे डोळे म्हणतात.

बाई थांबल्या. हाताने माती चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, हा तर जांभा!"

नागपूरकर हसला. "तुले इथंबी कोकण दिसून राह्यलं काय?"

तिला खरंच कोकण दिसत होतं, आणि ते बरोबर होतं. तिचं गावचं घर चिऱ्याचं. चिरे कसे काढतात, ओला दगड कसा मऊ असतो आणि हवा लागली की कसा टणक होतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. समोरचा लाल पट्टा काही चिरे पाडण्याइतका टणक नव्हता, पण जात तीच. इंग्रजीत त्याला लॅटराइट म्हणतात. या दगडाला ते नाव फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश माणसाने १८०७ साली दिलं, आणि तेही मलबारात, आजच्या केरळातल्या अंगाडिपुरमला, लोक जमिनीतून विटांसारखे दगड कापताना पाहून. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट.

आता हा जांभा आयर्लंडमध्ये काय करतोय? जांभा होतो तो उष्ण, दमट हवेत, काळा कातळ प्रदीर्घ काळ पावसात कुजला की. म्हणजे त्या काळी इथे आजच्यासारखी बोचरी थंडी नव्हती, गरम आणि पावसाळी हवा होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: लाव्हा एका दमात आलेला नाही. आधी काही थर आले, मग ज्वालामुखी फार मोठा काळ शांत राहिला. इतका, की दगडाची माती झाली आणि तिच्यावर झाडं वाढली. पाण्याने त्या पृष्ठभागावर दऱ्या कोरल्या. मग पुन्हा लाव्हा आला, एका दरीत तुंबून त्याचं खोल तळं झालं आणि ते सावकाश गार झालं. कॉजवेचे खांब त्या तळ्याचे.

गार होताना दगड आकसतो. आकसला की चिरा पडतात, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. फरक एवढाच की इथे चिरा पृष्ठभागावरून आत आत सरकत जातात आणि त्यांच्यामधला ऐवज खांबांच्या रूपाने उरतो. कमीत कमी भेगांमध्ये सगळा ताण मोकळा करायचा तर षट्कोन सोयीचा. त्या भेगा नक्की कधी पडतात, याचं उत्तर २०१८ साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मिळवलं. आइसलँडचा बसाल्ट तापवून, धरून ठेवून, गार करून त्यांनी पाहिलं. दगड घट्ट होतो साधारण ९८० अंश सेल्सियसला आणि तडकतो ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान. म्हणजे तडकतानाही तो लालबुंदच असतो. १६९३च्या प्रश्नाचा एक धागा २०१८ साली सापडला. आपली तिकिटं दोन महिने पेंडिंग राहिली तर आपण लाज वाटून घेतो!

एका नावाची गोष्ट

त्याच पायवाटेवरून पुढे एक छोटी खाडी दिसते. नकाशावर नाव पोर्ट ना स्पॅनिया, म्हणजे स्पॅनिश लोकांचं बंदर. बंदर कसलं, नुसते सुळके आणि फेस.

१५८८ साली स्पेनच्या राजाने इंग्लंडवर जे प्रचंड आरमार पाठवलं ते हरलं आणि वादळांमुळे स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालून परत निघालं. वाटेत कितीतरी जहाजं फुटली. जिरोना नावाचं वल्ह्यांचं आणि शिडांचं मोठं जहाज आयर्लंडच्या वायव्येला डागडुजी करून निघालं. त्यावर फुटलेल्या आणखी दोन जहाजांची माणसंही कोंबलेली होती. एकूण सुमारे तेराशे. त्यांना स्कॉटलंड गाठायचं होतं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस रात्रीच्या वादळात सुकाणू निकामी झालं आणि जहाज इथल्या लकाडा टोकावर आदळलं. वाचले ते दहाच्या आत.

पुढची जवळजवळ चारशे वर्षं पुस्तकांतून जिरोनाच्या जागेबद्दल वेगवेगळे तर्क होते. रोबेर स्तेन्वी नावाच्या बेल्जियन पाणबुड्याने वेगळा विचार केला. त्याने जुने कागद तर धुंडाळलेच, पण म्हणाला की स्थानिक लोक एका खाडीला उगाच 'स्पॅनिश लोकांचं बंदर' म्हणणार नाहीत. १९६७ साली तो तिथेच पाण्यात उतरला. जहाज तिथेच होतं. तोफगोळे, नाणी, माणकं जडवलेला सोन्याचा एक सरडा, आणि एक अंगठी. अंगठीवर एक हात बदाम देतोय, आणि स्पॅनिशमध्ये कोरलंय की तुला द्यायला माझ्यापाशी याहून जास्त काही नाही. कुणीतरी कुणालातरी निरोप देताना दिलेली. या वस्तू आता बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहेत. पुढच्या रविवारी जाऊन मी ती अंगठी पाहिली. आकाराने अगदी साधी आहे. तेराशे हा आकडा तोपर्यंत मला नुसता आकडा वाटत होता.

विद्वानांचे तर्क बदलत राहिले. कोळ्यांनी ठेवलेलं नाव जागचं हललं नाही.

कुंपण

आता जरा पैशाची गोष्ट. कॉजवेला गर्दी कशी झाली? १८८३ साली पोर्टरशहून इकडे ट्राम सुरू झाली, विजेवर चालणारी, आणि वीज कुठली, तर बुश नदीच्या पाण्यावर तयार केलेली. पाण्याच्या विजेवर धावणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या ट्रामांपैकी ही एक. एडिसनचं न्यू यॉर्कमधलं वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा वर्षच झालं होतं, यावरून अंदाज करा. (ही ट्राम १९४९ साली बंद पडली.)

ट्राम आली तशी गर्दी आली, आणि गर्दी आली तशी मंडळी हिशेब मांडायला लागली. १८९०च्या दशकात एका कंपनीने कॉजवेची जमीन हातात घेऊन कुंपण घालायचं ठरवलं. आत जायला सहा पेन्स. गावकरी चिडले. आमचे बापजादे या वाटेने जात आलेत, हा आमचा हक्क आहे, म्हणून खटला झाला. कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. कुंपण उभं राहिलं आणि पुढची साठेक वर्षं राहिलं. १९६१ साली नॅशनल ट्रस्टने जागा ताब्यात घेतल्यावर फाटक निघालं. १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. आज तिथलं मोठं व्हिजिटर सेंटर पैसे घेतं, पण पायवाटेने चालत खांबांपर्यंत जायला तिकीट लागत नाही. बरेच लोक हे न कळल्यामुळे तिकीट काढतात. आम्हीही काढलं.

फोटो: नाही

पुढे डनलूस किल्ला, समुद्रात घुसलेल्या कड्याच्या टोकावरचा. जिरोनाच्या काही तोफा याच किल्ल्यावर चढवल्या गेल्या. किल्ल्याचा मालक सॉर्ली बॉय मॅक्डॉनेल, त्याचं घराणं स्कॉटलंडहून आलेलं. ते वीस किलोमीटर पाणी पुन्हा एकदा. पंतांनी पंधरा मिनिटं दिली होती, तेवढ्यात उरकलं.

आणि मग पोर्टरश. चिप्सची दुकानं, पोरांसाठी खेळ, आइस्क्रीम. किनाऱ्याला एक काळपट, सपाट, कुरूप खडक. या खडकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपला दोन गटांत भांडत ठेवलं होतं.

झालं असं, की देमारेने ज्वालामुखी म्हटलं तरी सगळ्यांना पटलं नव्हतं. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात वेर्नर नावाचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं, बसाल्ट हा आदिम समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झालेला दगड आहे. शिष्य देशोदेशीचे, गुरूंचा शब्द प्रमाण. या पाणीवाल्यांच्या विरुद्ध आगवाले, त्यांचा म्होरक्या एडिनबर्गचा जेम्स हटन. आणि पाणीवाल्यांच्या हातात हुकमाचा एक्का आला तो पोर्टरशमधून. विल्यम रिचर्डसन नावाच्या इथल्या पाद्र्याने दाखवून दिलं की पोर्टरशच्या बसाल्टमध्ये समुद्री जीवांचे शंख आहेत. आता बोला! लाव्हात शंख कसे राहतील?

रिचर्डसन खोटं बोलत नव्हता. शंख खरेच आहेत. आजही आहेत, मी पाहिले. चूक पुढच्या पायरीवर होती. हटनच्या बाजूच्या लोकांनी, जॉन प्लेफेअर वगैरेंनी, दगड नीट तपासला आणि सांगितलं की शंख असलेला दगड बसाल्ट नाहीच. तो समुद्रतळाचा जुना चिखल आहे. त्याच्या थरात खालून तप्त रस घुसला आणि त्या धगीने चिखल भट्टीतल्या विटेसारखा भाजून निघाला. भाजल्यावर तो इतका काळा आणि टणक झाला की डोळ्यांना बसाल्टच वाटावा. आज आपल्याला माहीत आहे की तो चिखल जवळपास वीस कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याला भाजणारा रस सहा कोटींच्या आसपासचा.

ज्याने कधी प्रॉडक्शनमधला बग शोधलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. लॉग खरा असतो, त्यातली एररही खरी असते. फक्त ती एरर ज्या मॉड्यूलची आहे असं आपण रात्री दोनला शपथेवर सांगत असतो, ते मॉड्यूल दुसरंच असतं. वाद अर्थात एका दगडाने मिटला नाही, काही दशकं लागली. पण पाणीवाल्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा ढासळला तो याच खडकावर.

मंडळी चिप्स खात होती तेव्हा मी ओहोटी बघून त्या खडकावर गेलो. तिथे खोदायला आणि काही उचलायला बंदी आहे, रास्तच आहे. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग एकदम एक दिसला आणि नंतर दिसतच गेले: तळहाताएवढी चक्राकार नक्षी, कडेला बारीक रेघा. हे अमोनाइट. मला ते अनोळखी वाटेनात. आजीच्या देवघरात ताम्हनात जो शाळिग्राम असायचा, त्याच्या आतली चक्रं हीच. गंडकी नदीतले शाळिग्राम म्हणजे याच अमोनाइटांच्या कुळातले जीवाश्म. आजी त्याला रोज आंघोळ घालायची. तो कोणे एके काळी समुद्रात पोहत होता हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिला वावगं वाटलं नसतं, असं मला उगाच वाटलं.

एवढ्यात नागपूरकराने हॉर्न वाजवला. पंतांचे तीस मिनिटं संपली होती.

हा सगळा इतिहास वाचल्यावर एक गोष्ट मनात राहिली. त्या दिवशी आम्ही ज्या जागांचे फोटो काढले त्या सुंदर होत्या, पण बोलत नव्हत्या. बोलत होता तो लाल मातीचा पट्टा, नकाशावरचं एक नाव आणि चिप्सच्या दुकानांसमोरचा कुरूप खडक. आणि त्यांचं बोलणं कळायला आम्हाला मदत झाली ती चिऱ्याच्या घराची, देवघराची, म्हणजे ज्या गोष्टींना आम्ही ज्ञान वगैरे कधीच म्हटलं नव्हतं त्यांची.

कधी गेलात तर पोर्टरशला दोन तास ठेवा. भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा, दगड निसरडे आहेत, बूट चांगले घाला.

असो. पंत पुढच्या सुट्टीत घरी गेला तेव्हा त्याचा फोन आला. धाप लागलेली. "वर आलोय रे, गावदेवीला. पायऱ्या चढून. चहूबाजूंनी बिल्डिंगा. बाकीची टेकडी फोडून नेली म्हणे खडीसाठी, एवढाच तुकडा उरलाय."

म्हटलं, फोटो काढलास का?

"नाही," तो म्हणाला. "आधी बघतोय."